कोरडी बाटली

माझं तोंड तिखट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी पॅथॉलॉजीत टेक्निशियन होते आणि तिथे माझ्या कामाइतकीच माझ्या तोंडाचीही ख्याती होती. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे वरच्या मजल्यावरच्या थिएटरातून आमच्याकडे खाली यायचे. ते मेणात बसवायचे, मशीनवर पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर चढवायचे आणि सरांच्या टेबलावर ठेवायचे, हे माझं काम. सर म्हणजे आमचे पॅथॉलॉजिस्ट. गाठ साधी की वाईट, हे ते मायक्रोस्कोपमध्ये बघून सांगायचे. पण त्यांना नीट दिसायचं ते मी नीट कापलं तरच, आणि मला नीट कापता यायचं ते तुकडा वरून नीट आला तरच.

नीट येणं म्हणजे फॉर्मलिनमध्ये येणं. फॉर्मलिन हे डोळ्यांतून पाणी काढणारं औषध. त्यात बुडवलं की मांस सडत नाही, जसंच्या तसं राहतं. वरच्या लोकांना त्याचं काही पडलेलं नसायचं. एका मे महिन्यात एका माणसाच्या घशातला तुकडा दीड दिवस थिएटरच्या खिडकीत कोरड्या बाटलीत पडून राहिला. त्यात नागपूरचा मे. बाटली आमच्याकडे आली तेव्हा बूच उघडताच मी तोंड फिरवलं. त्याचा रिपोर्ट देता आला नाही. तो माणूस लांबच्या खेड्यातून बायकोला घेऊन आला होता आणि पुन्हा घसा कापून घ्यायला तो तयार होईना. निघून गेला. पुढे त्याचं काय झालं ते कळायला काही मार्गच नव्हता.

मी तरातरा जिना चढून वर गेले. त्या दिवशी थिएटरात केरळची एक सिस्टर ड्यूटीवर होती. माझ्याच वयाची, शांत, हळू आवाजात बोलणारी. तुकडा तिच्या पाळीत राहिला होता का, हेही मी विचारलं नाही. सगळ्यांसमोर तिची अशी काही खरडपट्टी काढली की हात धुणारे सर्जनही नळ बंद करून ऐकत राहिले. "रिकामी बाटली दिसली की एक माणूस मेला असं समजायचं," असं मी म्हणाले. ते वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. ती रडली आणि मी खाली येऊन चहा प्यायले.

त्यानंतर आमच्याकडून वर जाणारी प्रत्येक बाटली मी स्वतः फॉर्मलिनने अर्धी भरून पाठवायला लागले. थिएटरात नियमच होऊन बसला, की चुकून रिकामी बाटली दिसली तर आधी भरायची, मग विचारायचं. सात-आठ वर्षांत एकही तुकडा सडला नाही. मला त्या नियमाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

ही शिस्त मला लावली ती ताईने. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. सक्करदऱ्याच्या तळ्याजवळच्या एका म्युनिसिपालिटीच्या शाळेत ती पहिलीचा वर्ग घ्यायची. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी आईने आम्हा दोघींना पांढरे झगे शिवले होते आणि एवढ्या गर्दीत, एवढ्या धुळीत, ताईने दिवसभर माझ्या झग्याला डाग लागू दिला नव्हता. ती अकरा वर्षांची होती, मी सहा. तेव्हापासून ती माझ्या मागे लागलेली. दौतीचं झाकण लाव. डब्याचं झाकण लाव. काम झालं की आधी झाकण, मग बोलणं. लोक मला दवाखान्यात खडूस म्हणायचे ते खरं म्हणजे ताईला म्हणायला हवं होतं.

ती एकदा शाळा सुटल्यावर थेट लॅबमध्ये आली. हाताला खडू तसाच होता. माझ्या स्टुलावर बसली आणि वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात म्हणाली, "डाव्या बाजूले गाठ लागून राहिली. दुखत नाही. तीन महिने झाले."

"तीन महिने काय करून राहिली होती?" मी ओरडले.

"परीक्षा होत्या वं पोरांच्या," ती म्हणाली. पहिलीच्या पोरांच्या परीक्षा.

सर्जनने तपासलं, सुई घालून पाणी काढलं. ती काच मीच रंगवली, मीच सरांसमोर ठेवली. एरवी सर एका काचेला पाच मिनिटं द्यायचे. त्या दिवशी ते बराच वेळ मान वर करेनात, तेव्हाच मला कळलं. मी आपली शेजारच्या टेबलावरच्या काचा पुसत राहिले. स्वच्छ काचा पुन्हा पुन्हा पुसल्या.

ताई चाळिशीच्या आतली. गाठ बरीच मोठी. सर त्या सुमारास मुंबईला एका परिषदेला जाऊन आले होते आणि तिथून एक नवी गोष्ट घेऊन आले होते. त्यांनी ताईला समोर बसवलं, रिपोर्टाच्या कागदाची पाठकोरी बाजू घेतली आणि एक गोल काढला. ते म्हणाले, "सगळ्या गाठी सारख्या नसतात. काही गाठी बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसल्या जातात. तो पकडायला त्यांच्या पेशींमध्ये जागा असतात. अशा गाठीचं ते पोषण तोडलं, म्हणजे अंडाशय काढून गोळी सुरू केली, तर ती सुकू शकते. ज्या गाठीत त्या जागाच नसतात, तिला गोळीचा काही उपयोग नाही. तिथे इंजेक्शनंच. आजवर आम्ही अंदाजाने चालत होतो. आता गाठीलाच विचारता येतं, तू कुठली म्हणून."

इंजेक्शनांचं नाव काढताच ताईचा चेहरा उतरला. तिच्याच शाळेतल्या एका बाईंना ती दिली होती. केस गेले, तोंडात फोड आले, आणि एवढं सोसून त्या वर्षभरात गेल्या. ताई त्यांना भेटायला जायची आणि घरी येऊन जेवायची नाही. सरांनी काढलेल्या त्या गोलावरून तिने बोट फिरवलं. मग जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "बरोबर आहे त्यायचं. एकच छडी साऱ्या वर्गाले चालत नाही. मले माह्यावालं औषध पाहिजे. सगळ्यायचं नको."

ही तपासणी मुंबईतच व्हायची. तुकडा सुपारीएवढा लागायचा आणि तो कच्चा लागायचा. शरीरातून निघाल्या निघाल्या गोठवायचा, आणि गोठलेलाच मुंबईला पोचवायचा. फॉर्मलिनचा थेंबही लागता कामा नये. फॉर्मलिन लागलं की रूप तसंच राहतं, पण त्या जागा कामातून जातात, मग मुंबईच्या यंत्राला काही सांगता येत नाही. सरांनी हे मला दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली. मला कशाला सांगता, असंही मनात आलं.

साध्या बर्फाने भागणार नव्हतं. द्रव नायट्रोजन लागणार होता आणि तो आमच्या दवाखान्यात नव्हता. संध्याकाळी मी ताईकडे हे सांगत बसले होते तेव्हा भाऊजी चपला काढत होते. ताईचा नवरा मौद्याच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होता, रोज एसटीने जाऊन येऊन करायचा. गाई फळवायला बैलाचं बीज गोठवून ठेवतात, ते गावोगाव नेऊन द्यायचं काम त्यांच्याकडे होतं.

"नायट्रोजन?" ते म्हणाले. "थो तर माह्याकडे कॅनभर पडून आहे."

ताई कितीतरी दिवसांनी हसली. "म्हंजे माही गाठ बैलाच्या शेजारी बसून मुंबईले जाईन का?"

"नाही वं, बैल काढून ठेवतो पहिले," भाऊजी म्हणाले. ते गंभीरपणेच म्हणाले, आणि त्याने आम्ही आणखी हसलो.

ऑपरेशनच्या सकाळी ते पहिल्या एसटीने कॅन घेऊन आले. गोणपाटात गुंडाळलेलं ॲल्युमिनियमचं भांडं, मान बारीक, आणि मानेतून पांढरी वाफ निघत असलेली. कंडक्टर बसमध्ये चढूच देत नव्हता म्हणे. "धूर निघून राहिला ना गा त्याच्यातून, गाडी पेटवतो का?" भाऊजींनी त्याला हात लावून दाखवला, की थंड आहे, पेटत नाही. मग त्याच कंडक्टरने पुढची जागा रिकामी करून दिली. मला कॅन दाखवून भाऊजी म्हणाले, "एक ध्यानात ठेवजो. याचं झाकण घट्ट लावाचं नाही. वाफ कोंडली तर फुटते." त्याच दिवशीच्या गाडीने ते स्वतः तो कॅन मांडीशी धरून मुंबईला जाणार होते. तिकीट खिशात होतं, आणि पिशवीत दशम्या.

माझ्या बाजूची तयारी चोख होती. एक नवी बाटली धुऊन, उकळून, ओव्हनमध्ये कोरडी केली होती. थिएटरच्या मोठ्या सिस्टरला जाऊन सांगितलं होतं. सर्जनना माहीत होतं. आमच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या एरवी इंग्रजीत असायच्या, नाव, नंबर, तारीख. त्या बाटलीवर मात्र मी मराठीत लिहिलं. ताई फळ्यावर लिहायची तसं, मोठं, सुटं अक्षर काढून लिहिलं: ही बाटली कोरडीच ठेवा. काहीही टाकू नका. इंग्रजीत का लिहिलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ताईचं होतं म्हणून, एवढंच उत्तर मिळतं. जीव कासावीस झाला की माणूस आपल्या भाषेत बोलतो, मी लिहिलं.

सरांनी मला वर थांबू दिलं नाही. नातेवाइकांनी थिएटरात नको, खालीच थांब, तुकडा आला की मी कापून देतो, तू गुंडाळून टाक, असं ठरलं होतं. मी खाली थांबले. भाऊजी कॅनजवळ उकिडवे बसले होते. चिमटा तयार, चांदीसारखा चमकणारा कागद तयार. वरून बाटली निघाल्यापासून आत टाकेपर्यंत किती वेळ लागेल याची मी आदल्या दिवशी तालीमही केली होती.

वर काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मोठ्या सिस्टरला ऐन वेळी शेजारच्या थिएटरात एका अडलेल्या बाळंतिणीसाठी बोलावलं. तिच्या जागी केरळची सिस्टर उभी राहिली. ती महिनाभर गावी होती, आदल्याच दिवशी परतली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सर्जनने गाठीचा तुकडा कापून बाटलीत टाकला आणि ते पुढच्या कापाकडे वळले. तिने पाहिलं, तर बाटली कोरडी.

जिन्यावर पावलं वाजली आणि ती स्वतःच बाटली घेऊन धावत आली. चेहऱ्यावर मास्क लोंबत होता आणि ती हसत होती. मला खूश करणारी गोष्ट केल्यावर माणूस हसतो तसं.

"घ्या बाई," ती म्हणाली. "आज तुम्ही पण विसरला ना? रिकामी पाठवला. मी लगेच भरला. तुमची बहीण आत आहे, डोका कसा राहील ठिकाणावर."

मी बाटली हातात घेतली. वजनावरूनच कळलं. तरी मी ती वर धरून बघितली. ताईची गाठ काठोकाठ फॉर्मलिनमध्ये तरंगत होती. भाऊजींनी कॅनचं झाकण उघडलं होतं आणि पांढरी वाफ फरशीवरून आमच्या पायांपर्यंत आली होती. ते चिमटा घेऊन माझ्याकडे बघत होते, की दे.

मी जिना चढून वर पळाले, आणखी थोडी गाठ मिळते का बघायला. काढलेलं बाकीचं सगळं मोठ्या बरणीत घातलेलं होतं, आणि बरणी फॉर्मलिनने भरलेली होती. ती तर मीच भरून पाठवली होती. सर्जनने माझ्याकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, आणि म्हणाले, "सगळं काढलंय. आता आत काही शिल्लक नाही." एरवी हे वाक्य ऐकायला लोक नवस करतात.

खाली आले तर सर तुकडा पाण्याखाली धरून उभे होते. उपयोग नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. भाऊजींनी विचारलं, "धुतलं तर नाही निघत का?" सरांनी नुसती मान हलवली. भाऊजींनी पुन्हा विचारलं, "गंज वेळ, तासभर धुतलं तर?" मग त्यांनी चिमटा खाली ठेवला.

सिस्टर दाराशी उभी होती. आपल्या हातून काहीतरी झालं एवढं तिला कळलं होतं. मी बाटलीवरची चिठ्ठी तिच्यासमोर धरली.

"काय लिहिलाय?" तिने विचारलं.

"तुला वाचता येत नाही?"

"बोलायला येतो बाई. वाचायला मला कोण शिकवला?"

आठ वर्षं ती माझ्याशी मराठीत बोलत होती. पेशंटांशी, त्यांच्या आयांशी, भाजीवालीशी. तिला वाचता येत नाही हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. दवाखान्याचे सगळे कागद इंग्रजीत, त्यामुळे कधी गरजही पडली नव्हती. मी चिठ्ठीचा अर्थ सांगितला. ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मी ओरडायची वाट बघू लागली. मी ओरडले नाही. काय ओरडणार होते? तिने माझाच नियम पाळला होता. मी ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं, असं आता वाटतं. पण माझ्यात तेवढाही दम नव्हता. मी तुकडा परत बाटलीत टाकला, झाकण लावलं आणि नंबर टाकून इतर बाटल्यांच्या रांगेत ठेवली.

भाऊजी तो कॅन घेऊन दुपारपर्यंत बाकावर बसून होते. आता त्याची गरज नाही हे त्यांना कोणी सांगायचं राहूनच गेलं. मग ते उठले, ताईला अजून शुद्ध यायची होती तिच्याकडे दारातून बघून आले, आणि मौद्याची एसटी पकडून कॅन परत ठेवून आले.

काखेतल्या गाठींमध्येही रोग निघाला. सर्जनने इंजेक्शनं ठरवली. मी त्यांच्या खोलीत उभी होते. "गोळी देऊन बघा ना," मी म्हणाले.

"कशाच्या आधारावर?" ते म्हणाले. "या वयात, एवढ्या गाठींमध्ये, इंजेक्शनं हाच रिवाज आहे. गोळीच्या नादात इंजेक्शनं टाळली आणि गाठ त्या जातीची नसली, तर? आणि दोन्ही एकदम मी देणार नाही, तिला झेपायचं नाही. मुंबईचा कागद असता तर वेगळं बोललो असतो."

ते चूक नव्हते. चूक नसलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मी व्हरांड्यात आले. सगळ्यांसाठी असतं ते औषध माझ्या ताईला मिळणार होतं.

ताई दर आठवड्याला विचारायची, "आलं का वं मुंबईहून?" मी सांगायचे, "येऊन राहिलं." तीन आठवडे मी हेच सांगत होते. भाऊजी त्या वेळी खोलीतून बाहेर जायचे. दुसऱ्या इंजेक्शनाच्या दिवशी तिने उशीवरचे केस गोळा केले, हातात धरले आणि म्हणाली, "तू खोटं बोलून राहिली. लहानपणी बोलायची तेव्हाही नाकाचा शेंडा लाल व्हायचा तुहा."

मी सगळं सांगितलं. सिस्टरचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं, नियमाचं सांगितलं. सांगताना मला हुंदके आवरेनात. मग तिने विचारलं, "झाकण लावलं होतं ना नीट?"

"हो."

"मग आपल्या दोघीयचंच काम आहे ते," ती म्हणाली. "मीच शिकवलं ना तुले." आणि तिने केस कागदात गुंडाळून मला टाकायला दिले. मला वाटतं तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी ते विसरूही शकले असते.

सिस्टर तिसऱ्या इंजेक्शनापासून यायला लागली. तिची ड्यूटी नसायची. ताईच्या शिरा सापडत नव्हत्या आणि सिस्टरचा हात हलका होता, म्हणून तिने स्वतःच येऊन सुई हातात घेतली. ताईशी नजर मिळवत नव्हती. ताईने एकदा तिला विचारलं, "तुम्हाला वाचता येत नाही म्हणे?" मला धरणी दुभंगावी असं झालं. सिस्टरने मान खाली घातली. ताई म्हणाली, "त्यात लाजायचं काय? माझ्याकडे पहिलीला येतात त्यांनाही येत नाही. पाटी आणा."

ती खरंच पाटी घेऊन आली. औषध शिरेत जायला वेळ लागायचा, तेवढ्यात यांचा वर्ग भरायचा. ताई शाळेत ग म भ न पासून सुरू करायची, वळणं सारखी म्हणून. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातात पेन्सिल. उलटी आली की सिस्टर पाटी बाजूला ठेवून तसराळं धरायची, आणि तोंड पुसून झालं की ताई म्हणायची, "हं, भ ची गाठ सोडली तुम्ही, पुन्हा काढा." सिस्टर निमूटपणे पुन्हा काढायची. मी दारातून बघत असायचे. मला आत जाववत नव्हतं. ग म भ न झालं, र स झालं, क आला. काना-मात्रा अजून यायच्या होत्या. कोरडी हा शब्द वाचता येण्याला अजून बराच अवकाश होता.

इंजेक्शनं संपली. पाच-सहा महिने ताई शाळेत गेली, डोक्याला रुमाल बांधून. पोरं घाबरली नाहीत, उलट मुलींनी आपापले रुमाल आणून बांधले. मग डोळे पिवळे दिसायला लागले. रोग यकृतात गेला होता. तेव्हा सर्जनने गोळी सुरू केली, कारण आता दुसरं देण्यासारखं काही नव्हतं. मुंबईहून मागवलेल्या त्या पांढऱ्या गोळ्या ताई पाण्याच्या घोटाबरोबर फार मन लावून घ्यायची. "हे माह्यावालं का?" असं तिने एकदा विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. त्या गोळ्यांना काही करून दाखवायला महिने लागतात आणि ताईकडे आठवडे होते. पाकीट अर्धंही झालं नव्हतं तेव्हा ती गेली.

फॉर्मलिनमधला तो तुकडा मी रिवाजाप्रमाणे मेणात बसवला होता. मेणाची ती वडी, म्हणजे ब्लॉक, लाकडी खणात इतर वड्यांच्या रांगेत राहिली. नंबर मला पाठ होता. खण उघडायची वेळ आली की मी दुसऱ्या कुणाला सांगायचे.

पुष्कळ वर्षांनी आमच्या लॅबमध्ये एक नवा रंग आला. आता तपासणी नागपुरातच व्हायची, आणि गंमत अशी, की तिला कच्चा तुकडा लागत नव्हता. फॉर्मलिनमध्ये नीट ठेवलेलं, मेणात बसवलेलं जुनं मांसही चालत होतं. गाठ हार्मोनवर पोसलेली असली की पेशींचे मधले ठिपके तपकिरी होतात. पहिले काही महिने मी तो खण उघडला नाही. मग एका दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, उघडला. काप काढला. तेहतीस वर्षांची सवय होती. रंग चढवला, काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. सर केव्हाच निवृत्त झाले होते, पण हे बघायला सरांची गरज नव्हती. सगळं तपकिरी होतं. जिकडे सरकवावं तिकडे तपकिरी.

वेळेवर दिली असती तर गोळी लागू पडलीच असती असं नाही. पडत नाही कधीकधी. हे मी स्वतःला सांगितलं, आणि लॅबला आतून कडी लावून रडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सिस्टर निरोप घ्यायला आली. निवृत्त होऊन कायमची गावी चालली होती. केस पांढरे झाले होते. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि तरी ती उठेना. मग म्हणाली, "नवा टेस्ट आलाय ना बाई तुमच्याकडे. जुन्या ब्लॉकवर पण होतो म्हणतात."

"होतो."

"ताईचा केला?"

"केला."

ती माझ्याकडे बघत राहिली. हेच विचारावं लागेल म्हणून सगळी वर्षं ती जिना उतरायचं टाळत आली होती, हे मला त्या क्षणी दिसलं. नाकाचा शेंडा लाल होत असेल म्हणून मी वळून खिडकी उघडली.

"निगेटिव्ह," मी म्हणाले. "गोळीचा काही उपयोग झाला नसता. मुंबईला पाठवूनही इंजेक्शनंच द्यावी लागली असती."

तिने डोळे मिटले आणि छातीवर क्रूस केला. जाताना तिने पिशवी उघडून दाखवली. तिच्यात ती पाटी होती, लाकडी चौकट सुटलेली. ताईने शेवटचं काढून दिलेलं क चं वळण पुसट दिसत होतं. त्याच्यापुढे तिने कोणाकडून काही शिकून घेतलं नव्हतं. गावी कुठे लागणार आहे मराठी, असं ती म्हणाली.

म्हणूनच खरं काय ते मी आज मराठीत लिहू शकले. ताई आणखी वर्षभर जगली असती, तर तिने सिस्टरला पुरतं वाचायला शिकवलं असतं, आणि मग हे मला कुठेच लिहिता आलं नसतं.